महापालिकेनं काय करावं आणि काय करू नये? गोडदेवच्या नाक्यावरून समजून घेऊ ‘मर्यादित शासन’

गोडदेव, नवघर, खारी ही भाईंदर पूर्वेची जुनी गावं. आज ती इमारतींच्या गर्दीत शोधावी लागतात. १९८५ साली इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,७५,६०५ होती. २००१ मध्ये ती ५,२०,३८८ झाली आणि २०११ मध्ये ८,०९,३७८. म्हणजे वीस वर्षांत साडेचार पटींहून जास्त.

शहर वाढलं तशी महापालिकेची सत्ताही वाढली. पण ती नेमकी कुठे वाढली? याच महापालिकेनं २०१५ मध्ये पर्युषणाच्या काळात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय घेतला होता. त्याच शहराला पाण्यासाठी मात्र दुसऱ्या यंत्रणांच्या तोंडाकडे पाहावं लागतं. आणि २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे एकही नगरसेवक नव्हता.

लोकांनी काय खावं यावर हुकूम काढता येतो, पण नळाला किती पाणी येईल हे सांगता येत नाही, असं का होतं? या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आहे. ते अभिजात उदारमतवादाचं. ते पटो वा न पटो, आपल्या गल्लीतल्या राजकारणाकडे पाहण्याची एक वेगळी नजर त्यातून मिळते.

‘लिबरल’ म्हणजे नक्की कोण?

सोशल मीडियावर ‘लिबरल’ हा शब्द बहुतेकदा शिवीसारखा वापरला जातो किंवा एखाद्या पक्षाच्या विरोधकांना चिकटवला जातो. इथे तो अर्थ बाजूला ठेवा.

अभिजात उदारमतवादी म्हणजे ज्यांच्या मते माणसाचं आयुष्य, त्याची मालमत्ता आणि त्याची मतं ही आधी त्याची स्वतःची आहेत. सरकार हवंच, पण ठरलेल्या कामांसाठी आणि ठरलेल्या कुंपणाच्या आत. ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये सरकारची तीन कामं सांगितली : देशाचं संरक्षण, न्याय आणि कुणा एकट्याला परवडणार नाहीत अशी सार्वजनिक कामं. जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ मध्ये दुसरी कसोटी दिली. दुसऱ्याला इजा होत असेल तरच एखाद्यावर सक्ती करावी. त्याच्या भल्यासाठी म्हणून नाही.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. आगरकरांवर मिलचा प्रभाव होता. न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांची गणना उदारमतवाद्यांत होते आणि गोखल्यांनी पुण्याच्या नगरपालिकेचं अध्यक्षपदही सांभाळलं. पुढे शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी शेतीच्या बाजूनं हाच सूर लावला. सरकारनं शेतकऱ्याला मदत करण्याआधी त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं, असा त्यांचा आग्रह होता. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला.

हे भांडण मुंबईत दीडशे वर्षांपूर्वीच झालंय

शहराच्या कारभारात सत्ता किती आणि कुणाकडे, हा वाद मुंबईत १८७१ मध्ये पेटला होता.

१८६५ च्या कायद्यानं मुंबईला सरकारनं नेमलेला आयुक्त मिळाला. त्याचं नाव आर्थर क्रॉफर्ड. क्रॉफर्ड मार्केट त्याच्याच नावाचं. त्यानं रस्ते, गटारं, बाजार असं बरंच काम धडाक्यात केलं. खर्चाला मात्र धरबंध राहिला नाही. कर भरणारे नागरिक चिडले आणि १८७१ मध्ये त्यांनी आंदोलन उभारलं.

तेव्हा तरुण फिरोजशहा मेहतांनी घेतलेली भूमिका आजही वाचण्यासारखी आहे. क्रॉफर्डनं कामं चांगली केली, हे त्यांनी मान्य केलं. त्यांचा रोख माणसावर नव्हता, रचनेवर होता. काम करणारा अधिकारी सक्षम असावा, पण त्याच्या हातातल्या पैशावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचा लगाम असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १८७२ च्या कायद्यानं ६४ सदस्यांची सभा आली आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडले. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यावर मेहतांचा मोठा ठसा आहे.

मर्यादित शासनाचा शहरातला अर्थ इथे सापडतो. गटारं बांधू नका, असं कुणी म्हणत नव्हतं. गटारं बांधा, पण कुणाच्या पैशानं, कुणाला विचारून आणि हिशेब कुणाला देऊन, हे आधी ठरवा, एवढंच म्हणणं होतं.

यातून तीन साधे प्रश्न काढता येतात. महापालिकेच्या कुठल्याही निर्णयाला ते लावून पाहा.

१. हे काम लोकांना आपसांत करता येण्यासारखं नाही का? आणि इथे कुणाचं नुकसान थांबवायचं आहे का?
२. नियम सगळ्यांना सारखा आणि आधीपासून माहीत असलेला आहे का, की साहेबांच्या मर्जीवर चालतो?
३. जो निर्णय घेतो त्याला, ज्याच्या खिशातून पैसा जातो तो माणूस जाब विचारू शकतो का?

पहिला प्रश्न : आठ दिवसांची मांसबंदी

सप्टेंबर २०१५ मधला मीरा-भाईंदरचा निर्णय देशभर गाजला. शहरात जैन वस्ती मोठी आहे आणि पर्युषण हा त्यांचा पवित्र काळ. त्याच शहरात खाटीक आहेत, चिकन-मटणाची दुकानं आहेत आणि उत्तन-चौकपर्यंत पसरलेली कोळी वस्तीही आहे.

उदारमतवादी इथे धर्माच्या बाजूनं किंवा विरोधात बोलत नाही. तो विचारतो, शेजारच्या माणसानं मांस विकल्यानं उपवास करणाऱ्याचं नुकसान होतं का? मन दुखावत असेल, पण मन दुखावणं आणि इजा होणं यात मिल फरक करतो. दुकानासमोरची घाण, उघड्यावरची कत्तल, दुर्गंधी यावर महापालिकेनं कडक नियम करावेत. ते तिचं कामच आहे. पण स्वच्छतेचा परवाना देण्याचा अधिकार लोकांच्या ताटापर्यंत ताणला जातो तेव्हा कुंपण ओलांडलं जातं. आठ दिवस दुकान बंद म्हणजे हातावर पोट असणाऱ्याचा आठ दिवसांचा गल्ला बुडाला.

आता दुसरी बाजू. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये अहमदाबादमधली पर्युषणाच्या नऊ दिवसांची कत्तलखानेबंदी वैध ठरवली होती. काळ थोडा आहे आणि शेजाऱ्यांच्या भावनांचा आदर राखणं वाजवी आहे, असा त्या निकालाचा सूर होता. उलट २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या १७ सप्टेंबरच्या मांसविक्रीबंदीला स्थगिती दिली. म्हणजे न्यायालयांतही याचं एकच उत्तर नाही.

उदारमतवाद्याचं म्हणणं असं की एखादी बंदी कायद्यात बसली तरी ती शहाणपणाची असतेच असं नाही. आज बहुमत एका समाजाच्या बाजूनं आहे, उद्या दुसऱ्याच्या बाजूनं असेल. ज्या दारातून तुमच्या आवडीचा हुकूम आत येतो, त्याच दारातून नावडता हुकूमही येतो.

दुसरा प्रश्न : नियम की मर्जी?

मीरा-भाईंदरचं राजकारण बराच काळ जमिनीभोवती फिरत आलं आहे. याचं मूळ समजायला १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा, म्हणजे यूएलसी, पाहावा लागतो.

हेतू उदात्त होता. शहरांतली मोकळी जमीन मूठभर लोकांच्या हातात साचू नये, जास्तीची जमीन सरकारनं घ्यावी आणि गरिबांसाठी घरं व्हावीत. पण कायद्यात सूट देण्याची तरतूदही होती. सूट कुणाला द्यायची हे सरकार ठरवणार. झालं असं की मोकळी जमीन बाजारात येईना आणि सूट देणारा कागद सोन्यासारखा झाला. केंद्रानं हा कायदा १९९९ मध्ये मागे घेतला. महाराष्ट्रानं २००७ मध्ये.

मीरा-भाईंदरमध्ये याच कायद्याची बनावट प्रमाणपत्रं वापरून बांधकामं झाल्याच्या आरोपावरून २०१६ मध्ये ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. २०२१ मध्ये त्यात अटकाही झाल्या.

अशा बातम्या वाचून आपण म्हणतो, ‘माणसं भ्रष्ट आहेत.’ उदारमतवादी विचारतो, त्या कागदाला एवढी किंमत आली कुठून? एका सहीवर कोट्यवधींची जमीन ‘अडकलेली’ किंवा ‘मोकळी’ ठरत असेल, तर त्या सहीचा बाजार भरणारच. माणसं बदलून तो बंद होत नाही. सहीची गरज जिथे कमी करता येते, तिथे ती कमी करावी लागते.

या दृष्टीनं २०२० च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली बरोबर दिशेचं पाऊल म्हणता येईल. मुंबई आणि मोजके भाग वगळता राज्यभर एकच नियमावली आली. किती मजले, किती चटईक्षेत्र, किती मोकळी जागा हे ज्याला त्याला वाचता येतं. नियम चुकीचा वाटला तर त्यावर भांडता येतं. मर्जीवर भांडता येत नाही.

भाईंदर पूर्वेतल्या अनेक कुटुंबांसाठी ही कोरडी चर्चा नाही. जुन्या इमारती थकल्यात. पुनर्विकास करायचा तर जमीन सोसायटीच्या नावावर लागते, कागद जुळावे लागतात. बिल्डरनं अभिहस्तांतरण केलं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा रस्ता कायद्यात आहे. उदारमतवाद्याच्या यादीत हे काम अगदी वर येतं. माणसानं आयुष्यभराची कमाई घालून घेतलेल्या घराखालची जमीन त्याच्या नावावर होणं हे सरकारचं पहिलं कर्तव्य; चौकात कमान उभारणं नंतरचं.

तिसरा प्रश्न : जाब कुणाला विचारायचा?

संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीनं, १ जून १९९३ पासून, महापालिकांना संवैधानिक दर्जा मिळाला. कलम २४३-यू सांगतं की सभागृहाची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे.

मीरा-भाईंदरच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्ग आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात होते. निवडणुका लांबत गेल्या. राज्यभर तीच स्थिती होती. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं आणि शेवटी १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. मधल्या काळात राज्य सरकारनं नेमलेले आयुक्तच प्रशासक होते. अंदाजपत्रक मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. १८७१ मध्ये फिरोजशहांना नेमकी हीच रचना खुपली होती.

काही जण म्हणतात, ‘नगरसेवक नव्हते तेव्हा कामं पटापट झाली.’ झालीही असतील. क्रॉफर्डच्या काळातही झाली होती. पण हिशेब मागणारा कुणी नसताना झालेलं चांगलं काम हे नशीब असतं. दर वेळी नशीब साथ देईल याची खात्री काय?

निवडणूक झाली की प्रश्न सुटला, असंही नाही. इथे बहुसदस्यीय प्रभाग आहेत. २०१७ मध्ये ९५ जागांसाठी २४ प्रभाग होते, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रभागात चार नगरसेवक. गटार तुंबलं तर चौघांपैकी कुणाकडे जायचं? बाकड्यावर आणि कमानीवर नावं चौघांची. तुंबलेल्या गटाराला मात्र कुणीच वाली नाही.

पाण्याची गंमत वेगळीच. मीरा-भाईंदरला पाणी मिळतं ते स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून. एमएमआरडीएच्या सूर्या योजनेचं एकूण पाणी दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर. त्यातलं २१८ मीरा-भाईंदरचं आणि १८५ वसई-विरारचं. मेट्रो एमएमआरडीएची. पोलीस राज्य सरकारचे. १ ऑक्टोबर २०२० पासून वसई-विरारसह इथे वेगळं आयुक्तालय आहे. म्हणजे आपण ज्याला मत देतो त्याच्या हातात यातलं फारसं काही नसतं आणि ज्याच्या हातात ते असतं त्याला आपण या कामासाठी मत दिलेलं नसतं.

मग सगळं महापालिकेकडे द्यावं का? तसंही नाही. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अमेरिकेतल्या शहरांमधल्या पोलीस सेवांचा अभ्यास केला होता. काही कामं लहान, जवळच्या यंत्रणेला चांगली जमतात आणि काहींना मोठी यंत्रणा लागते, असं त्यांना दिसलं. धरण बांधायला मोठी यंत्रणा हवी. इमारतीच्या टाकीपर्यंत पाणी पोहोचवायला जवळची हवी. फक्त कुणी किती पाणी द्यायचं, कमी पडलं तर जबाबदार कोण, हे लोकांना वाचता येईल असं लिहिलेलं असावं.

करमाफी गोड, पण पुढे काय?

निवडणुकीत घरपट्टी माफ करण्याचं आश्वासन हमखास येतं. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करमाफी देण्याची घोषणा २०२२ च्या सुरुवातीला झाली. आता कर कमी असावेत असं म्हणणारा उदारमतवादी यावर खूश होईल, असं वाटेल. पण अनेक उदारमतवादी याला विरोध करतात.

कारण ॲडम स्मिथनंच दिलंय. लंडनच्या रस्त्यांवरच्या दिव्यांचा खर्च देशाच्या तिजोरीतून झाला तर ते दिवे इतके चांगले आणि इतक्या स्वस्तात लागणार नाहीत, असा त्याचा मुद्दा होता. आपल्या खिशातून पैसा जातो तेव्हा माणूस दिवा लागला की नाही ते बघतो.

आपल्याकडे आधी जकात होती, मग एलबीटी आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांची एलबीटीतून सुटका झाली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. जकातीचा जाच गेला हे व्यापाराच्या दृष्टीनं चांगलंच झालं. पण महापालिकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग आता राज्याकडून भरपाई म्हणून येतो. पैसा मंत्रालयातून येत असेल तर महापालिकेचं तोंडही मंत्रालयाकडेच राहणार. घरपट्टी हा उरलेला मोठा धागा आहे, जो नागरिकाला थेट ‘माझ्या पैशाचं काय केलंत?’ असं विचारायचा हक्क देतो.

जुलै २०२५ : कसोटी दोन्ही बाजूंची

सरकारचं पहिलं काम माणसाला माराहाणीपासून वाचवणं. जून २०२५ च्या अखेरीस मीरा रोडमध्ये मराठी बोलण्याच्या वादातून मनसेच्या कार्यकर्त्यांनी एका दुकानदाराला मारल्याचा व्हिडिओ पसरला. व्यापाऱ्यांनी मोर्चा काढला. त्याला उत्तर म्हणून ८ जुलैला मराठी मोर्चा ठरला. पोलिसांनी त्याला परवानगी नाकारली आणि अनेकांना ताब्यात घेतलं. तरीही लोक रस्त्यावर आले.

सोशल मीडियावर आपण यातली एकच बाजू निवडतो. उदारमतवाद्याला तशी सोय नाही. त्याच्या मते थप्पड चूकच. भाषेचं प्रेम कितीही खरं असलं तरी कुणाच्या अंगाला हात लावायचा अधिकार त्यातून मिळत नाही. आणि शांततेनं मोर्चा काढण्याचा हक्क मराठी माणसाला तेवढाच आहे, जेवढा व्यापाऱ्यांना आहे. पोलिसांनी मार्ग आणि वेळ ठरवावी, पण एकाला वाट आणि दुसऱ्याला बेड्या, असं चित्र निर्माण होऊ देऊ नये. स्वतःच्या बाजूच्या माणसालाही तोच नियम लावता आला, तरच तो नियम.

पण हे सगळं पुस्तकी नाही का?

या विचारावरचा सर्वांत जोरदार आक्षेप मीरा-भाईंदरकडेच बोट दाखवून घेता येतो. शहर आधी वाढलं आणि नियोजन मागून धावलं. अरुंद रस्ते, खेटून उभ्या इमारती, पावसात साचणारं पाणी. सरकार कमी पडलं म्हणूनच हे झालं ना?

आक्षेपात तथ्य आहे. रस्त्यासाठी जागा राखणं, पावसाचं पाणी वाहून नेणं, खाडीचा आणि मिठागरांचा उतार जपणं ही कामं बाजार आपोआप करत नाही. एकानं खाजण भरलं की पाणी दुसऱ्याच्या घरात शिरतं. हे उघड नुकसान आहे आणि तिथे कडक नियम हवाच. मिलच्या कसोटीतही तो बसतो.

उदारमतवाद्याचं उत्तर एवढंच, की इथे नियमांची कमतरता कधीच नव्हती. यूएलसी होता, नगररचना कायदा होता, परवानग्यांचे गठ्ठे होते. ज्या चार गोष्टी घट्ट धरायला हव्या होत्या त्या सुटल्या आणि चाळीस गोष्टींत नाक खुपसलं गेलं.

दुसरा आक्षेप गरिबांचा. ज्याच्याकडे मालमत्ता नाही, त्याला मालमत्तेच्या हक्काचा काय उपयोग? पिण्याचं पाणी, प्राथमिक दवाखाना, शाळा यांचा खर्च करातून व्हावा, हे अनेक उदारमतवादीही मान्य करतात. सोबत ते एक आठवण करून देतात. परवान्याची झळ सगळ्यात आधी गरिबालाच बसते. नाक्यावरच्या फेरीवाल्याकडे पाहा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण व्हायला हवं, पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेते हवेत आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. हे अमलात आलं तर पादचाऱ्याला फुटपाथ मिळेल आणि विक्रेत्याला हक्काची जागा. नाही आलं तर रोजची पळापळ आणि हातावर ठेवायची चिरीमिरी.

मग गोडदेवकरानं काय करावं?

तुम्ही उदारमतवादी असा, समाजवादी असा किंवा यातलं काहीच नसा, काही गोष्टी आजच करता येतात.

महापालिकेचं अंदाजपत्रक पाहा आणि तुमच्या प्रभागात खर्च कशावर झाला ते शोधा. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ अशी माहिती न मागता जाहीर करायला सांगतं. दाखला किंवा परवानगी रखडली असेल तर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा वापरा. त्यात मुदत ठरलेली आहे आणि अपीलही करता येतं. क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ मध्ये आली, पण बहुतेक शहरांत ती कागदावरच आहे. प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकच प्रश्न विचारा : क्षेत्रसभा कधी घेणार?

आणि पुढच्या वेळी महापालिकेचा एखादा निर्णय तुमच्या मनासारखा झाला, तर तो शेअर करण्याआधी वरचे तीन प्रश्न त्यालाही लावून बघा. नावडत्या निर्णयाला प्रश्न विचारणं सोपं असतं. आवडत्या निर्णयालाही तेच प्रश्न विचारणारे नागरिक जिथे वाढतात, तिथेच सत्ता कुंपणाच्या आत राहते.